नराच्या रंगाची मादी

काकामेगा जंगल, संशोधन ठाणे
३ जुलै

मिदेवा,

फोन उचलत नाहीस ते एक वेळ ठीक, पण माझा नंबरच बंद करून टाकलास? कमाल आहे बाई तुझी. दुकानातल्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून तोही आपटलास. म्हणून आता हे पत्र. शिन्यालूच्या मटाटू गाडीवर तो जाड्या कंडक्टर आहे ना, त्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, उत्तर नाही मिळालं तर निदान वाचताना चेहरा कसा होता ते तरी येऊन सांग.

आता त्या रविवारचं. बुंगोमाहून तुझ्या नाल्यान्याची माणसं तुला मागणी घालायला एवढी लांबून आली, कोंबड्या शिजल्या, बाबांनी नवी टोपी घातली, आणि मी सगळ्यावर पाणी ओतलं, असं तुझं म्हणणं. मी काय बोलले ते मला पक्कं आठवतंय. नाल्यान्याच्या काकांनी विचारलं, "थोरलीची शेळी कधी आणायची?" मी म्हटलं, "मला शेळीबिळी नको. माझ्या बहिणीला जायचंय तर तिनं खुशाल जावं, मी काय टोलनाका आहे?" यात वाईट काय होतं, सांग बरं! मी तर तुझी वाट मोकळी करत होते. पण काका उठले, "थोरलीच्या मनात नाही" म्हणाले, आणि सगळे त्यांच्या मागोमाग निघाले. ताटातल्या कोंबडीला हातसुद्धा न लावता. आपल्या घरातून कुणी कोंबडी न खाता गेल्याचं मला तरी आठवत नाही, आणि बाबांनाही आठवत नसावं, कारण ते संध्याकाळपर्यंत गोठ्यात बैलापाशी बसून होते.

अगं वेडे, नाल्यान्या मला आवडतो. गणिताचा मास्तर असून हसतो, आणखी काय पाहिजे? मला नकोय ते दारात बसणं. थोरली बिनलग्नाची असताना धाकटी निघाली की थोरलीनं उंबऱ्यात बसायचं, शेळी घ्यायची, घोंगडी पांघरायची आणि चारचौघांत म्हणायचं, "मी मागे राहते, तू पुढे जा." मग उठून वाट द्यायची, आणि तू निघून गेल्यावर सगळ्या बायकांनी माझ्याभोवती बसून रडगाणं लावायचं, जसं काही मी मेलेच आहे. मी अडतीस वर्षांची आहे, मला नोकरी आहे, नवरा नाही, आणि मी मजेत आहे. यातलं शेवटचं कुणाला खरंच वाटत नाही.

गंमत म्हणजे मी इथे दिवसभर लग्नंच लावते. खरंच! आमची ही शेपटीवाली फुलपाखरं पिंजऱ्यात आपणहून जमत नाहीत, त्यांना बाहेरचं मोकळं आभाळ लागतं. मग एका हातात नर, दुसऱ्या हातात मादी, पंख दोन बोटांत अलगद धरायचे आणि टोकाला टोक लावायचं. जमलं की फांदीवर टांगून ठेवायचं. शेळी नाही, काका नाहीत, रडगाणं नाही. माझा सहकारी ओगुतू म्हणतो, "खासांदी, तुझ्याएवढी लग्नं बिशपनंसुद्धा लावली नसतील."

ये ना एकदा. निदान नंबर तरी उघड.

तुझी ताई,
खासांदी


११ जुलै

मिदेवा,

कंडक्टर म्हणाला, "बाईसाहेब, चेहरा वाचताना एकदा हसला, मग आठवण झाल्यासारखा पुन्हा रागावला." म्हणजे टोलनाक्यावर हसलीस. मला माहीत होतं.

तुझं उत्तरही मिळालं. किती ते लांबलचक! "शेळी घेणार का? हो की नाही एवढंच लिही." बरं, लिहिते, पण आधी इथलं ऐक, कारण इथे एक भलतंच घडलंय आणि ते मी दुसऱ्या कुणाला सांगणार?

तुला माहीत आहे, आमच्या या जातीत नर सगळे एकसारखे: पिवळे, काळी किनार, मागे शेपट्या. मादी मात्र नराच्या वाटेलाही जात नाही. ती कडू जातींच्या फुलपाखरांची नक्कल करते, कुणी काळीपांढरी, कुणी काळीनारिंगी, म्हणजे पक्षी फसतात आणि तिला खात नाहीत. तेव्हा पिंजऱ्यात पिवळं दिसलं की नर, एवढं सरळ आहे. निदान इतकी वर्षं होतं.

परवा कोषातून एक पिवळं निघालं. ओगुतूनं ते उचललं, एक काळीपांढरी मादी घेतली आणि लग्न लावायला बसला. जमेना. ऊन दाखवलं, जमेना. टाचणीनं सोंड उलगडून मधपाणी पाजलं, तरी जमेना. दुसरी मादी आणली, तिसरी आणली. मी आपली मायक्रोस्कोपवर, आणि मागून याचं चाललंय, "अरे बाबा, एवढ्या सुंदर मुली दाखवल्या, तुझ्या अपेक्षा तरी काय आहेत?" दुपारी जेवताना म्हणाला, "नवरदेव रुसलाय. तुमच्या लुह्या जमातीत असेच रुसतात का ताटात कोंबडी नसली की?" मी म्हटलं, "तुमच्या लुओंसारखा असता तर आधी सूट मागितला असता." मग मी त्या नवरदेवाला हातात घेतलं, उलटं केलं, पोटाचं टोक पाहिलं, आणि मिदेवा, मी किंचाळलेच. ती मादी होती गं! नराचे रंग ल्यालेली मादी. दुसऱ्या डोंगरांवर अशा निघतात म्हणून वाचलं होतं, पण आमच्या पिंजऱ्यात कधी नाही. दिवसभर आम्ही बाईसमोर बायका धरत होतो.

ओगुतू खुर्चीत बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग आम्ही धावपळ करून खरा नर आणला. या खेपेला क्षणात जमलं. आता ती पानांवर अंडी घालतेय. मादी जगते ती थोडेच दिवस, तेव्हा जे काही कळायचं ते तिच्या मुलींमधून कळेल.

म्हणजे बघ, मुली कोषात जातील तेव्हा मला इथून हलता येणार नाही. काम आहे. शेळीचं मग बघू.

ताई


२ ऑगस्ट

मिदेवा,

"काम आहे" या दोन शब्दांवर लाल शाईनं गोल काढून माझंच पत्र मला परत पाठवलंस. मास्तरीण ती मास्तरीणच.

आणि आत्याला तूच धाडलंस ना? नाही म्हणू नकोस. काल बोडा मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर जिवंत कोंबडी घेऊन स्वारी ठाण्याच्या फाटकात हजर. मला काही बोलायच्या आधी ओगुतूला गाठलं. "तुमचं लग्न झालंय का हो?" तो म्हणाला, "झालंय, चार मुलं आहेत." आत्या म्हणाली, "अरेरे. लुओ असलात तरी आम्ही चालवून घेतलं असतं." ओगुतूनं वाकून आभार मानले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग म्हणाली, "दाखव तरी, कशासाठी बहिणीचं लग्न अडवून बसलीस ते." मी तिला मायक्रोस्कोपवर बसवलं. पंखाचा तुकडा खाली ठेवला. पंख म्हणजे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले, आणि प्रत्येक खवल्याला आपला एकच रंग, हे तिला फार आवडलं. "म्हणजे लांबून चित्र दिसतं, ते या टिकल्यांचं आहे होय!" मग मी तिला सांगितलं की कोषात पंख आधी पांढराफटक असतो. बाहेर यायच्या जरा आधी पिवळा भरतो, आणि काळा अगदी शेवटी, काही तासांत. खवला कधी पिकतो त्यावर त्याचा रंग ठरतो, असा आमचा कयास आहे. त्यासाठी आम्ही ठराविक तासांनी एकेक कोष उघडतो, पंख काढतो, त्यातला पिवळा स्पिरिटमध्ये उतरवून घेतो, जांभळ्या दिव्याखाली धरतो. नराचा पिवळा त्या दिव्यात उजळतो, नकली मादीचा फिकट रंग नाही उजळत. या पिवळ्या मादीच्या मुलींमध्ये जो खवला शेवटी काळा व्हायचा तोच लवकर पिकून पिवळा होतो का, एवढंच मला बघायचंय. पिवळा भरला आहे आणि काळा अजून आलेला नाही, ती वेळ पकडायची. ती चुकली की चुकली.

आत्यानं डोळा वर केला आणि म्हणाली, "म्हणजे लवकर पिकलं तर पिवळं, उशीर झाला तर काळं! अगं हेच मी तुला पंधरा वर्षं सांगतेय."

मी म्हटलं, "आत्या, काळा खवला सगळ्यात चिवट असतो. पंख फाटतो तो आधी फिक्या जागी फाटतो. आणि काळा रंग मला आवडतो, रोज आरशात बघते." ओगुतूनं टाळी वाजवली. आत्या म्हणाली, "तोंड मात्र आईसारखंच आहे तुझं."

जाताना फाटकाशी तिनं खरं काय ते काढलं. मला वाटत होतं तू रीत मोडायला घाबरतेस, नाल्यान्याच्या लोकांना घाबरतेस. आत्या म्हणाली, त्यांनी तर केव्हाच तोडगा काढला होता. थोरली नसेल येत तर चुलतबहीण खावेरे दारात बसेल, शेळी ती घेईल, काकांची काही हरकत नाही. सगळे राजी होते. तूच उठलीस म्हणे आणि म्हणालीस, "माझी बहीण जिवंत आहे. तिच्या जागी दुसरं कुणी बसणार नाही. ती मनापासून बसेल तर मी निघेन, नाहीतर राहीन इथेच फळा पुसत." आणि नाल्यान्यानं काय केलं? "मग मीही थांबतो," म्हणाला. तेव्हा काकांनी शेवटचं सांगितलं, ऑगस्टचा शेवटचा शनिवार, नाहीतर हा विषय संपला.

हे तू मला का नाही लिहिलंस? लाल शाईनं गोल काढायला वेळ होता. मी इथे तुझ्यावर चिडून दिवस काढले, तू मला एक रीत म्हणून बोलावतेस असं समजून. आत्या बोडावर बसली तरी मी तिथेच उभी होते. ओगुतूनं येऊन कोंबडी माझ्या हातातून काढून घेतली, मला तिचं भानही नव्हतं.

आज एवढंच. जरा विचार करू दे.

ताई


२० ऑगस्ट

मिदेवा,

हो.

घे, तुला हवं होतं तेवढंच लिहिलं. आता बाकीचं.

शनिवारी मी दारात बसेन. शेळी घेईन, घोंगडीही घेईन, लोकरीची असेल तर बरं, इथे सकाळी गारठा असतो. पण "मी मागे राहते" हे मी म्हणणार नाही. आत्याला आधीच सांगून ठेव म्हणजे तिला तिथे चक्कर यायला नको. मी मागे नाही, मिदेवा. मी माझ्या जागी आहे. सकाळी पिंजऱ्यात शिरते, पाच-सहा फुलपाखरं डोक्यावर बसतात, आणि मला कुणाचाही हेवा वाटत नाही. हे खोटं मी तुझ्या लग्नाच्या दिवशी बोलणार नाही. काय बोलायचं ते मी तिथे बघेन. त्यावर काका पुन्हा उठून गेले तर काय करायचं, हे मला माहीत नाही. त्या भीतीनं झोप लागत नाही, हेही तुला माहीत असू दे.

आणि आता हस. कोषांनी नेमका शनिवारच धरलाय. मुलींचे पंख आतून दिसायला लागलेत, अजून पांढरे आहेत. हिशेब केला तर पिवळा शनिवारी सकाळी भरणार आणि काळा संध्याकाळच्या आत. ज्या वेळेसाठी मी इतकी वर्षं थांबले ती वेळ, आणि मी तेव्हा उंबऱ्यात घोंगडी पांघरून बसलेली. ओगुतूला म्हटलं, तू कर. तो म्हणाला, "माझ्या हातून चुकलं तर? मी तोच माणूस आहे ज्यानं बाईला तीन बायका दाखवल्या." मी म्हटलं, "चुकलं तर पुढच्या पिढीत बघू. मला बहीण काही पुढच्या पिढीत मिळणार नाही." बोलून गेले, मग माझं मलाच हसू आलं आणि रडूही.

त्यानं कात्री धुवायला घेतली आहे. आत्तापासून!

बाबांना सांग, शनिवारी बैलाची झुंज ठेवू नका. आणि माझा नंबर आता तरी उघड गं.

ताई


३ सप्टेंबर

मिदेवा,

नवरीनं मागे वळून बघायचं नसतं, आणि तू नाही बघितलंस. मान एवढी ताठ ठेवलीस की मला वाटलं लचकते आता. तेव्हा मागे काय काय झालं ते मीच लिहिते. पत्रानं, कारण सासरी पहिल्याच आठवड्यात तासभर बहिणीशी फोनवर बोललीस तर काका म्हणतील, टोलनाका इथेही आला.

आधी बाबांचं. तू आत होतीस, डोक्यावरून कापड घेतलेलं, तुला फक्त आवाज आले असतील. काकांनी शेळीची दोरी माझ्या हातात दिली, घोंगडी खांद्यावर टाकली. मी म्हटलं, "मिदेवा, मी इथे राहते, तू तिथे राहा. सुट्टी लागली की ये." आणि उठले. कुणी हलेना. आत्यानं डोळे मिटले. काकांनी टोपीला हात घातला, अगदी तसाच, त्या रविवारसारखा. तेव्हा बाबा पुढे झाले. बैलाची झुंज सोडून घरी थांबलेले बाबा, ज्यांनी त्या रविवारपासून माझ्याशी दोन वाक्यं धड बोलली नव्हती. ते काकांना म्हणाले, "ती उठली की नाही? वाट दिली की नाही? मग आता तिच्या तोंडी शब्द कसले घालायचे? कोंबडी गार होतेय." काका म्हणाले, "गेल्या खेपेची अजून डोळ्यांसमोर आहे," आणि टोपी काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात तू माझ्या अंगावरून गेलीस, आणि जाताना घोंगडीखाली माझं बोट एवढं जोरात दाबलंस की अजून दुखतंय.

बाकी, त्यांच्यातले लोक दोनदा वाढून घेऊन गेले. काकांनी तीनदा.

जेवणं चालली असताना ओगुतूचा फोन. मी शेळी घेऊन केळीच्या बागेत गेले. तिकडून ओरडतोय, "पिवळा आला! काळा नाही आला अजून! कापू?" मी ओरडले, "काप!" आपल्या शेजारच्या म्हातारीनं ते ऐकलं आणि शेळीकडे असं बघितलं की मी तिला पोटाशी धरलं. दोन कोष त्यानं उशिरा उघडले, बाकीचे बरोब्बर वेळेवर. आज मी स्वतः बघितले. आईसारख्या होऊ घातलेल्या मुलींच्या पंखावर, जिथे इतरांचा खवला अजून कोराच असतो, तिथे पिवळा भरलाय. उरलेले कोष फुटले, तर मुलींपैकी निम्म्या पिवळ्या, निम्म्या काळ्यापांढऱ्या निघाल्या. जांभळ्या दिव्याखाली पिवळ्या सगळ्या उजळल्या. एका पिढीवरून फार बोलू नये, अजून बरंच तपासायचंय. पण ओगुतूनं सगळ्या ठाण्याला चहा पाजला.

आता शेवटचं, तुझ्या पाठीमागचं.

तुमची गाडी वळणाआड गेली. इसुकुटीचे ढोल तिच्या मागोमाग गेले, मुलं गेली, आवाज लांब गेला. मी ठरवलं होतं, रडगाणं लावलं तर सरळ उठून भांडी घासायला जायचं. बायका आल्या, माझ्याभोवती बसल्या. मी आपली हसतमुख. त्यांनी गाणं लावलं तशी उठून घरात शिरले, तर खिळ्याला तुझा शाळेचा स्वेटर तसाच लटकलेला, कोपऱ्यात तुझ्या चपला, एक इकडे एक तिकडे, जन्मात कधी जोडीनं ठेवल्या नाहीस. आई गेली तेव्हा तू तान्ही, माझ्या पाठीवर बांधलेली होतीस, मिदेवा. मी ती घोंगडी तोंडात कोंबली आणि अशी रडले, अशी रडले की बाहेर बायकांनी गाणंच थांबवलं.

त्या धावत आत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. ती शेजारची म्हातारी माझं डोकं छातीशी धरून म्हणाली, "रडू नकोस पोरी, काही वय गेलेलं नाही. तुलाही मिळेल कुणीतरी."

मी म्हटलं, "कुठून मिळणार, आजी? मला एकच बहीण होती."

ताई